लिंबाच्या चार फोडी

आमच्या कचेरीतल्या एका कारकुनाच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही. म्हणून दर रविवारी फिरायचं निमित्त काढून तो मला सोनगीरहून धुळ्याला नेतो. तिथल्या खानावळीत सुरतेहून बर्फात आलेलं ताजं पापलेट तव्यावर परतून मागवतो, आणि दाराकडे पाठ करून बसतो. कोणी आत शिरलं की घास तोंडातच थांबतो. मग लिंबाच्या चार फोडी बोटांना चोळतो आणि वाटेत दहादा गाडी थांबवून हात माझ्या नाकाशी धरतो, "वास येस का रे?"

काल त्याच्या घरी गेलो होतो. तो आत गेल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊ, लिंबानं वास जात नाही. त्यांना बेसन चोळायला सांगा."

मी अजून सांगितलेलं नाही. कळलं, तर त्याला पापलेट गोडच लागायचं नाही.