शिवकांताबाईंचे तळपाय

उदगीरला आमच्या आणि मल्लिकार्जुनअप्पांच्या घराची मधली भिंत एकच होती. तिकडचं खोकणंसुद्धा इकडं ऐकू यायचं. भांडण मात्र एक वेळ सोडली तर कधी ऐकू आलं नाही. बोलायचे ते अप्पाच. त्यांच्या बायकोला, शिवकांताबाईंना, उलट बोलायची सवयच नव्हती. जे काही बोलायच्या ते माझ्या आईशी, केवळाबाईशी, परसातल्या कुडापाशी उभं राहून. म्हणून हे सगळं मला ठाऊक आहे.

अप्पांचं मूळचं कापडाचं दुकान. बहात्तरच्या दुष्काळात गिऱ्हाईक फिरकेना. माणसं खडी फोडायला जात, सुकडी खात. लुगडं कोण घेणार? रिकाम्या गादीवर बसून अप्पांनी होमिओपॅथीची पुस्तकं वाचली, हैदराबादहून औषधांची लाकडी पेटी मागवली आणि खडीच्या कामावर जाऊन लेकरांना हगवणीच्या गोळ्या फुकट वाटायला लागले. काही लेकरं बरी झाली. जी गेली, त्यांच्या आया अप्पांकडं काही सांगायला आल्या नाहीत. पुढं दुष्काळ हटला तोवर अप्पा डॉक्टर झाले होते. दुकान त्यांच्या पुतण्यानं, पंचाक्षरीनं, धरलं आणि अप्पांनी घराच्या ओसरीत दवाखाना मांडला. जळकोट, देगलूरपासून माणसं यायची.

लेकरूबाळ नव्हतं. शिवकांताबाई रोग्यांना पाणी द्यायच्या, पुड्या बांधायच्या. चाळिशी उलटल्यावर त्यांना सारखी तहान लागायला लागली, अंग वाळायला लागलं, मोरीत मुंग्या यायला लागल्या. अप्पांनी ओळखलं, साखरेचा आजार. जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस, रात्री भिजवलेल्या मेथ्या आणि वर आपल्या गोळ्या, असं त्यांनी सुरू केलं. मग पाय पेटले. तळव्याखाली निखारे ठेवल्यासारखी आग, मधूनच सुया टोचल्यासारख्या कळा. पांघरुणाचा काठ लागला तरी त्या पाय ओढून घ्यायच्या. अप्पा गोळ्या बदलत गेले. कधी काशाच्या वाटीनं एरंडेल घासायला लावलं, कधी कडुलिंबाचा पाला बांधला.

त्याच सुमाराला लातूर नवा जिल्हा झाला. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलं गेलं. शिवकांताबाईंचा भाऊ संगप्पा देगलूरला अडत करायचा. तो येऊन म्हणाला, “दाजी, आता लातूर आपला जिल्हा झालाय. सरकारी दवाखान्यात मोठे डॉक्टर आलेत. अक्काला एकदा दाखवू.”

अप्पा पेटीतल्या बाटल्या पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “माझी बायको दुसऱ्या डॉक्टरकडं गेली, तर माझ्याकडं कोण येईल?”

संगप्पानं बहिणीकडं पाहिलं. ती पाणी आणायला आत गेली.

पुढं वर्षा-दीड वर्षात आग हळूहळू कमी झाली. रात्रीचं कण्हणं थांबलं. अप्पांना आभाळ ठेंगणं झालं. पण शिवकांताबाई आईला कुडापाशी म्हणाल्या, “केवळाबाई, आग गेली खरी, पण पायबी गेल्यासारखे वाटायलेत. चप्पल निघाली तरी कळत न्हाई. कापसावर चालल्यावानी वाटतंय.”

“अप्पाला सांगितलं का?”

“सांगितलं. म्हणले, दुखत न्हाई म्हणून बी तक्रार करतीस का?”

तेव्हापासून अप्पा त्यांना रोग्यांपुढं उभं करायला लागले. पाय जळतात म्हणून कुणी आलं की हाक मारायचे, “शिवकांता, ये गं.” त्या पदर सावरत यायच्या. अप्पा टाचणी घेऊन त्यांच्या तळव्याला टोचायचे. “दुखतंय का?” त्या म्हणायच्या, “न्हाई.” माणसं हात जोडायची. एक-दोनदा रक्ताचा ठिपका आला तो अप्पांनी अंगठ्यानं पुसला.

पुन्हा पावसानं दगा दिला त्या वर्षीची गोष्ट. एप्रिलची दुपार होती. जळकोटकडची धुरपताबाई म्हणून एक मजुरीवाली आली होती. तिला गोळ्यांचा भरवसा वाटत नव्हता. सरळ म्हणाली, “अप्पा, टाचणीचं काय, मन घट करून कुणीबी सोसतंय.” ओसरीतली माणसं हसली. अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी शिवकांताबाईंना अंगणातल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहायला सांगितलं. त्या फरशीवरून त्या वेळी कुत्रंही जात नव्हतं. शिवकांताबाई गेल्या आणि उभ्या राहिल्या. धुरपताबाईनं पाऊल ठेवलं नि चटका बसून मागं घेतलं. अप्पा म्हणाले, “अजून थांब.” त्या थांबल्या. घामानं निथळत होत्या, पण पाय हलला नाही. धुरपताबाई गोळ्या घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी आई त्यांच्याकडं ताक द्यायला गेली तर स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत फरशीवर ओले, लालसर ठसे. शिवकांताबाई पोळ्या लाटत होत्या. “हे कशाचं?” आईनं विचारलं. त्यांनी खाली पाहिलं, मग पाय उचलून पाहिला. तळव्याची कातडी फोडासकट सुटून लोंबत होती. त्यांना कळलंच नव्हतं.

अप्पांनी हळद भरली, कसलासा अर्क लावून पट्टी बांधली. आठवडाभरात डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. वास आमच्या घरात यायला लागला तेव्हा आईनं संगप्पाला सांगावा धाडला. तो जीप घेऊन आला आणि कुणाला न विचारता बहिणीला उचलून लातूरला घेऊन गेला. तिथं डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. उजव्याचे फोड भरले.

अप्पा भेटायला गेले ते एकदाच. खाटेशेजारी उभं राहून म्हणाले, “भावाच्या नादानं पाय घालवलास. माझ्या हाताखाली असतीस तर भरला असता.” शिवकांताबाईंनी तोंड भिंतीकडं केलं.

तिथल्या रुद्राणी नावाच्या सिस्टरनं त्यांना इन्सुलिनची सुई घ्यायला शिकवली. आधी लिंबात टोचायला लावलं, मग मांडीत. उरलेल्या पायालाही जखम कळणार नाही, म्हणून तो रोज आरसा खाली धरून बघायचा, हेही तिनंच सांगितलं. सुटी झाली तेव्हा संगप्पाला बहिणीला देगलूरला न्यायचं होतं. पण त्याची बायको महादेवी दवाखान्यातच, सगळ्यांसमोर म्हणाली, “दोन पायांची असती तर घरात कामाला तरी आली असती.” शिवकांताबाई स्वतःच म्हणाल्या, “मला उदगीरलाच सोडा.”

घरी आल्या त्याच दिवशी अप्पांनी इन्सुलिनची बाटली परसात नेऊन फोडली. “या घरात असलं विष चालायचं न्हाई,” म्हणाले. पुन्हा जांभळाची पूड सुरू झाली. रोग्यांना ते सांगायचे, कापणाऱ्यांच्या हाती लागली की माणसाचं असं होतं. शिवकांताबाई आत कुबडी भिंतीला टेकवून बसलेल्या असायच्या. सगळं ऐकू यायचं.

दोन वर्षांनी अप्पांनाच तहान लागायला लागली. धोतर सैल झालं. नजर अंधुक झाली तेव्हा मात्र ते हादरले. पंचाक्षरीच्या दुकानासाठी कापड आणायला जातो म्हणून नांदेडला गेले आणि परत आले ते पिशवीत काचेची सिरिंज आणि इन्सुलिनची बाटली घेऊन. बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवली. बायकोला म्हणाले, “डॉक्टर म्हणाला, डोळे जातील. माझा हात थरथरतो. तुला येतं ना, तूच देत जा.”

“आणि मी?” शिवकांताबाईंनी विचारलं.

“माझं वेगळं हाय. मला रोज शंभर माणसं बघायची असतात. तुला कुठं जायचंय?”

त्यांनी सिरिंज उकळली, औषध ओढलं आणि नवऱ्याच्या दंडात सुई दिली. रोज सकाळी, ओसरीचं दार उघडायच्या आधी. आणि अप्पा आंघोळीला गेले की त्याच बाटलीतून आपल्या मांडीत. बाटली लवकर संपायला लागली तेव्हा अप्पांच्या ध्यानात आलं. त्या सकाळी त्यांचा आवाज भिंतीतून नीट ऐकू आला.

“माझ्या औषधाला हात लावायचा न्हाई.”

“बरं,” शिवकांताबाई म्हणाल्या. “मग उद्यापासून तुमच्या दंडालाबी न्हाई लावणार. एखाद्या कंपाऊंडरला बोलवा. गावाला बी कळंल.”

पुढच्या खेपेला अप्पांनी नांदेडहून दोन बाटल्या आणल्या.

आईनं त्यांना विचारलं होतं, कधी मनात आलं नाही का, एखाद दिवशी सुई देऊच नये? किंवा जास्त द्यावी? त्या म्हणाल्या, “रोज येतं.” आणि शेंगा सोलत राहिल्या.

धुरपताबाई पुन्हा आली ती पायाला चिंध्या गुंडाळून. अप्पांनी तिच्यासाठी नव्या गोळ्या काढल्या. शिवकांताबाई कुबडी टेकत आतून ओसरीत आल्या. माणसं बघायला लागली. त्या म्हणाल्या, “बाई, लातूरला जा. आजच जा. ह्यांनी माझा पाय घालवला. हे स्वतः रोज सुई घेतात. मीच देते.”

अप्पा खाली बघून पुडी बांधत होते. मग हळू, दुःखी आवाजात म्हणाले, “पाय गेल्यापासून असंच चाललंय. तुम्ही मनावर घेऊ नका.” कुणीतरी चुकचुकलं. कुणीतरी शिवकांताबाईंना धरून आत नेऊन बसवलं. धुरपताबाईनं पुडी कनवटीला लावली. तीन आठवड्यांनी ती वारल्याचं जळकोटचा एक रोगीच सांगत आला, आणि तिच्यासारख्याच जळजळीची गोळी मागायला लागला.

अप्पा गेले ते झोपेत, हृदय बंद पडून. डोळे शेवटपर्यंत चांगले होते. दर्शनाला गल्ली पुरली नाही. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून फुलांनी सजवलं होतं. बोलायला उठलेल्या एका पुढाऱ्यानं सांगितलं, या माणसानं जन्मात कधी इंग्रजी औषध शिवलं नाही. शिवकांताबाई तिथंच बायकांमध्ये बसल्या होत्या. आईनं त्यांचा हात धरला होता. ती सांगते, तो हात थंड होता आणि जरासुद्धा हलला नाही.

दिवस झाल्यावर पंचाक्षरीनं ती लाकडी पेटी उघडून ओसरीत मांडली. औषधातलं त्याला काही कळत नव्हतं. पहिल्याच सोमवारी रांग लागली. काकूंना मागच्या खोलीत हलवलं, ओसरीच्या बाजूचं दार बाहेरून कडी लावून बंद केलं. पण सुईचं औषध मात्र तो न चुकता आणून द्यायचा. काकूंचं काही बरंवाईट झालं नि लोकांनी विचारलं तर उत्तर द्यायला नको, म्हणून.

त्या मागच्या खोलीत शिवकांताबाई आणखी बरीच वर्षं जगल्या. उजवा पाय शाबूत राहिला.