बोटीच्या बुडाची परीक्षा

साठावं लागलं तसं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना विकला आणि शिडाची जुनी बोट घ्यायचं ठरवलं. घरच्यांना वाटलं, खूळ आहे, उतरेल चार दिवसांत. तीस वर्षं बाईंनी बिनखिडकीच्या खोलीत लोकांच्या उघड्या तोंडांत बघत काढली होती. आता त्यांना जरा लांबचं काहीतरी बघायचं होतं. पण हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही.

घरात चर्चा झाली ती वेगळीच. बोट लाकडाची घ्यायची, लोखंडाची की फायबरची? नवरा चित्रकलेचा निवृत्त मास्तर, तो लाकडाच्या बाजूने. लाकूड जिवंत असतं, असं तो डोळे मिटून म्हणायचा. धाकट्या दिराचं वेल्डिंगचं दुकान, त्यामुळे त्याच्या लेखी लोखंड सोडलं तर जगात बाकी सगळा पुठ्ठाच. फायबरचं नाव काढलं की दोघंही बादली आणि मग्गा यांच्यावर विनोद करायचे. दोघांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं. मतं मात्र खोल होती.

एका सकाळी तिघं धक्क्यामागच्या आवारात गेले. तिथे जुन्या बोटी टेकूंवर उभ्या होत्या आणि त्यांच्यामधून एक दलाल फिरत होता. अंगाला इतकं अत्तर, की माणूस आधी येतो की वास, ते कळू नये.

लाकडी बोट पाहून मास्तर विरघळलेच. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला. एवढ्या मायेने त्यांनी स्वतःच्या मुलांच्या पाठीवरूनही कधी फिरवला नव्हता. बाईंनी पर्समधून दात टोकरायची बारीक सळई काढली, बोटीखाली वाकल्या आणि पाण्यात बुडणाऱ्या भागात मागच्या टोकाशी ती जरा दाबली. सळई लोण्यात जावी तशी मुठीपर्यंत आत गेली.

"जिवंत असतं म्हणूनच सडतं," एवढंच त्या म्हणाल्या. मास्तरांनी बोटीवरचा हात काढून घेतला.

मग लोखंडी. ताजा निळा रंग, आरशासारखी चकाकी. दलाल म्हणाला, ही डोळे झाकून घ्या. दिराला आता चेव चढला. त्याने दुकानातून आणलेली टोकदार हातोडी उचलली आणि वहिनींना आवाज ऐकवायला बोटीच्या अंगावर ठोके घालत निघाला. दोन खणखणीत वाजले. तिसरा जरा बसका. चौथ्याला हातोडी आत गेली आणि तिथेच अडकून बसली. दिराने ओढून काढली, तर मागोमाग तपकिरी पाण्याची धार त्याच्या चपलेवर.

दलालाचा चेहरा पडला आणि लगेच चढला. बोटीला भोक पाडलंत, आता ही तुम्हालाच घ्यावी लागेल, असं तो मोठ्याने सांगू लागला. दीर हातोडी पाठीमागे लपवायला बघत होता. बाई पुढे झाल्या.

"हे बघा, भोक यांनी पाडलेलं नाही. ते होतंच, वर नुसता रंग होता. तीस वर्षं माणसं माझ्यासमोर बसून हेच म्हणत आली आहेत, डॉक्टर, दात चांगला होता, तुम्ही भोक पाडलंत. तुम्ही रंग कधी लावलात, ते सांगा."

दलाल भोकाखाली पडलेले रंगाचे पोपडे पायाने बाजूला सारू लागला. बोट तुम्हालाच घ्यावी लागेल, हा विषय त्याने परत काढला नाही.

बाहेर पडताना कुंपणाशी बाईंना एक फायबरची बोट दिसली. चहाने पिवळ्या पडलेल्या दातांचा रंग, आणि बुडाला फोडच फोड. दलालाला ती दाखवायचीही लाज वाटत होती. बाईंनी एक फोड टोचला; आंबूस वासाचं पाणी ओघळलं. दिराने नाक धरलं. "वहिनी, हिला तर गळवं झालीत."

"गळवांना घाबरायचं असतं, तर मी शिवणकाम शिकले असते," बाई म्हणाल्या. फोडांच्या खाली टोकरून पाहिलं, तर फायबर दगडासारखं. मग त्यांनी तासभर अख्खं बूड बोटांच्या पेरांनी वाजवलं. सुकाणूजवळची वीतभर जागा सोडली तर कुठेही पोकळ वाजलं नाही. रोग वरचा होता, आणि औषध त्यांना ठाऊक होतं: फोडायचं, खरवडायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग भरायचं. त्यांनी तीच बोट घेतली. मास्तरांनी शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, "अगं, पण ही दिसते कशी?"

"दवाखान्यात येताना सगळे असेच दिसतात."

पुढचे चार महिने बाई मास्क लावून रोज बोटीखाली उताण्या पडत होत्या. दोनशे चौदा फोड. एवढा सोशिक पेशंट आयुष्यात मिळाला नव्हता. ना ओरडला, ना हात धरला, ना मधेच थुंकायला उठला.

बोट पाण्यात उतरली त्या दिवशी बाई आतल्या फळ्या उचलून गुडघ्यांवर बसल्या आणि तळाला हात लावत राहिल्या. हात कोरडा तो कोरडाच. मग त्या वर आल्या, सुकाणू धरलं आणि पहिल्याच वळणाला बोट धक्क्यावर घातली. बोटीच्या नाकाचा टवका उडाला, तो दुसऱ्या दिवशी बुजवला. त्यानंतर मात्र शीड भरलं, किनारा मागे गेला आणि कितीतरी वेळ समोर कुठेच भिंत आली नाही. बाईंना रडू आलं. मास्तर कठड्यावरून वाकून ओकत होते, म्हणून ते कुणी पाहिलं नाही.

मास्तरांनी हट्टाने आत सागवानी बाक करून घेतलाय. सगळ्या बोटीत वर्षातून दोनदा पॉलिश लागतं ते तेवढ्यालाच, आणि ते काम मास्तर स्वतःच बिनबोभाट करतात. दीर मात्र दुकानात येईल त्याला सांगतो, की वहिनींना फायबरचं आपणच सुचवलं होतं.