कुंदाची माणसं

कुंदा गेल्याचं मला गुरमीतनं कळवलं. सकाळची आठची वेळ, मी दारात दूधवाल्याशी बोलत होते. "वंदनाजी, कुंदा भैणजी नहीं रहे," एवढंच म्हणून ती फोनवर रडायला लागली. मला रडू आलं नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हिला माझ्याआधी कसं कळलं? मैत्रीण माझी, सव्वीस वर्षांची, आणि तिच्या जाण्याची बातमी मला तिच्या खालच्या मजल्यावरच्या बाईनं द्यावी... या गोष्टीला आता दीड महिना होईल. दुःख यथावकाश आलंच. पण आधी आला तो मत्सर, आणि तो आलाच नव्हता असं इथे लिहिलं तर कुंदाच म्हणेल, "पुरावा दे."

हे तिचं पालुपद. मोहालीला लागून असलेल्या शहरात, सेक्टर एकोणचाळीसच्या संशोधन संस्थेत आम्ही दोघी एकाच हिवाळ्यात रुजू झालो. ती इचलकरंजीची, प्रयोगशाळेत. मी अकोल्याची, ग्रंथालयात. दुपारी डबा खाताना मराठी बोलायला आम्हाला एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. तिचे वडील कट्टर नास्तिक. घरात देव्हारा नाही, उपासतापास नाही, पत्रिका तर कुणाची काढलीच नव्हती. कुंदा त्याच मुशीतली. मी संकष्टी सोडायला चंद्राची वाट बघत बसले की ती म्हणायची, "ढगामागे आहेच तो, जेव तू." तिनं लग्न केलं नाही. दर रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची, माझ्या नवऱ्याशी कडाकडा वाद घालायची आणि दिवाणावर झोपून संध्याकाळी चहा घेऊन जायची. माझा मुलगा तिच्याशी हिंदीत बोलायचा, ती त्याला मराठीत उत्तर द्यायची. बारा-पंधरा वर्षं आमचा रविवार असाच गेला. ती माझी आहे, असं मी कधी मोठ्यानं म्हटलं नाही. म्हणायची वेळच आली नव्हती.

निवृत्तीला काही वर्षं उरली असताना तिनं मोहालीपलीकडच्या खरड गावात फ्लॅट घेतला. त्याच वर्षी पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. मी दोनदा जाऊन आले. रोज जाणं जमण्यासारखं नव्हतं. पण खालच्या मजल्यावरच्या गुरमीत कौरला ते जमलं. शाळेतून निवृत्त झालेली, विधवा, मोठ्या आवाजाची बाई. तीन आठवडे तिच्याकडून दोन वेळची खिचडी, दलिया, मुगाचं पाणी वर जात राहिलं. बरी झाल्यावर कुंदा तिचे डबे घासूनपुसून परत करायला गेली, तर गुरमीत म्हणाली, "डब्बे छड्डो जी, एतवार नूं हाथ चाहिदे." रविवारी गुरुद्वाऱ्यात लंगरच्या रोट्या लाटायला हात कमी पडत होते. कुंदा उपकार फेडायचे म्हणून एकदा गेली. मग पुढच्या रविवारी गेली. मग मला फोन यायला लागला, "आज नाही जमत गं, पिठाची माझी पाळी आहे."

मी एकदा तिला सरळ विचारलं, "तू मानतेस का हे सगळं?" ती म्हणाली, "देव आहे का, ते मला अजून माहीत नाही. पण मी आजवर आधी विचार करायचे आणि मग वागायचे. इथे उलटं झालं. डोकं झाकून खाली बसले, चाळीस बायांबरोबर लाटायला लागले, आणि विचार मागून आले. मी हल्ली कमी चिडते, वंदना. समोरच्याला आधी जेवू घालावंसं वाटतं, वाद नंतर." हे ती इतक्या साधेपणानं बोलली की मला हरल्यासारखं वाटलं. पंधरा वर्षं रविवारी माझ्या घरी जेवून तिच्यात जे झालं नव्हतं, ते त्या बायांनी सहा महिन्यांत केलं होतं.

आम्ही आठ-दहा मराठी घरं गणपतीला एकत्र जमतो. त्यालाच आम्ही मंडळ म्हणतो. कुणी मोहालीत आयटीत, कुणी लष्करातून बदलीवर आलेले. त्या वर्षी कुंदा आरतीला उशिरा आली आणि लवकर गेली. मागे मोदक वळताना कुणीतरी म्हणालं, "ही आता त्यांचीच झाली." बाकीच्या हसल्या. मीही हसले, आणि वर म्हणाले, "एकट्या बाईला कुणी दोन घास घातले की झालं." कुणाच्या तरी तोंडून ते तिच्यापर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी ती घरी आली, बसलीसुद्धा नाही. "हे वाक्य तुझं आहे की मंडळाचं?" तिनं विचारलं. "इतकी वर्षं आपण भांडलो, पण तू तुझ्या डोक्यानं भांडलीस. हे तुझं नाही." मी तेव्हा तिला म्हणायला हवं होतं की शब्द त्यांचे असतील, पण आतली जळजळ माझीच आहे. पण तसं म्हणाले नाही. चार बायका हसल्या की आपलं मत आपल्यालाच खरं वाटू लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. तिला तिच्या बायांनी घडवलं तसं मला माझ्या बायांनी. फरक इतकाच, की तिनं ते डोळे उघडे ठेवून होऊ दिलं.

बोलणं पुन्हा सुरू झालं, पण रविवार गेला तो गेलाच. गेल्या हिवाळ्यात तिचा आजार उघड झाला तेव्हा तो शेवटच्या पायरीवर होता. इथेही गुरमीतला आधी कळलं, मला आठ दिवसांनी. मी खरडला गेले तर फ्रिजवर एक कागद चिकटवलेला. सात वार, सकाळ-दुपार-रात्र, पुढे नावं: जसबीर, पम्मी, हरजिंदर... गुरमीत पेन काढून म्हणाली, "तुहाडा बुधवार लिख दां? दुपहर?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मैत्रिणीकडे यायला हिनं मला वार नेमून द्यायचा? "मेरा नाम मत लिखिए, मैं कभी भी आ जाऊंगी," मी म्हटलं. कुंदा आतून ऐकत होती.

त्या बाया आपापल्या वारी येत राहिल्या. धुकं असो, घरात पाहुणे असोत, बुधवारी बुधवारचीच यायची. मी तीन महिन्यांत पाच वेळा गेले. कधीही येईन म्हणणाऱ्या माणसाला कुठलाच वार नसतो. शेवटचा फोन झाला तेव्हा तिचा आवाज पार खोल गेला होता. "ये ना गं," म्हणाली. "येते, पक्कं येते," मी म्हटलं. मग मुलाची परीक्षा, मग माझा सर्दी-ताप... पाचव्या दिवशी गुरमीतचा फोन आला.

इचलकरंजीहून भाचा आला, त्यानं अग्नी दिला. दहा दिवसांनी गुरुद्वाऱ्यात अरदास, म्हणजे तिच्यासाठीची प्रार्थना, झाली. माझ्या ओळखीची नसलेली शंभरेक माणसं कुंदासाठी डोळे पुसत होती, आणि मी भिंतीला टेकून हिशेब करत बसले होते की यांतल्या कुणाला तिच्या आईचं नाव तरी माहीत आहे का. असलं मोठेपण मी त्या दिवशीही सोडलं नाही.

नंतर गुरमीतनं मला कुंदाच्या फ्लॅटवर नेलं. कुंदाची खोली तिनं झाडून ठेवली होती. खिडकीपाशी तिचा बिछाना, उशीला धुतलेला अभ्रा. आम्ही दोघी बिछान्याच्या कडेला बसलो. गुरमीत म्हणाली, "आखरी चार दिन सिर्फ मराठी बोलती थी. हमको कुछ समझ नहीं आता था. एक बात बार-बार पूछती थी, मैंने याद कर ली." आणि आपल्या जाड पंजाबी उच्चारात, एकेक अक्षर जपून, ती म्हणाली, "आली का गं?"

मी उशीचा अभ्रा सारखा करायला लागले.

"मैं समझी, लाइट पूछ रही है. यहां बहुत जाती है ना. तो मैं हर बार कहती थी, हांजी भैणजी, आ गई. सुनके चुप हो जाती थी, सो जाती थी." मग तिनं माझा हात धरला. "लाइट ही पूछती थी ना?"

"हां," मी म्हटलं. "लाइट ही."

मी खोटं बोलले. गुरमीतला बरं वाटावं म्हणून नाही. कुंदाचं सगळंच तिच्याकडे गेलं होतं, शेवटचे दिवस, शेवटचा घोट, शेवटचा शब्दसुद्धा. त्या शब्दाचा अर्थ तेवढा माझ्याकडे उरला होता आणि तो मला तिला द्यायचा नव्हता. घरी येताना बसमध्ये कळलं, की मी आले असं कुंदाला रोज सांगितलं ते गुरमीतनंच. मी न येता माझं येणं तिनं पार पाडलं होतं.

हा लेख छापून आला की तो घेऊन मी खरडला जाणार आहे. गुरमीतला मराठी वाचता येत नाही. मलाच मोठ्यानं वाचावा लागेल, हिंदी करत करत, आणि त्या तीन शब्दांपाशी आले की थांबून त्यांचा खरा अर्थ तिला सांगावा लागेल.