ओरणाला दिलेलं स्वयंपाकघर

जयपूरला बदली झाल्यावर बाबांनी जगतपुऱ्यापलीकडे ओरणाला लागून जमीन घेतली. ओरण म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं गावाचं रान. तिथे कुऱ्हाड चालत नाही. सरकारी क्वार्टरांना विटलेल्या आईनं पूर्वेच्या कडेला स्वयंपाकघर ठरवूनही टाकलं. मी आठवीतला इंजिनिअर! दुमजली घराचा नकाशा काढला, फक्त जिना विसरलो.

पण घरासाठी खेजडीची, म्हणजे आपल्या शमीची, सहा जुनी झाडं पाडावी लागणार होती.

“माझ्याच्यानं नाही व्हायचं गं,” बाबा म्हणाले. “जमीन ओरणालाच देऊन टाकू या?”

आई बराच वेळ मेथी निवडत राहिली. “द्या. पण दूध मी घालणार.”

ओरणाची नवी हद्द दुधाच्या धारेनं आखतात. आई लोटा घेऊन कडेकडेनं चालली. मागे मी, नकाशा छातीशी धरून, रुसून गाल फुगवलेला. पूर्वेला ती थांबली.

“इथे माझा ओटा होता,” म्हणाली आणि धार न तोडता पुढे गेली.

पुढे आई वारली, तेही क्वार्टरमध्येच. तो नकाशा मी अजून जपलाय. जिना काढायचा राहिलाय.