ग्रुपवर टाकलेली लिंक
टँकरच्या पाण्याचा तो क्लोरीनचा वास आला की हात अजूनही आधी मोबाईलकडे जातो. ठाण्याजवळ दिवा गावात राहायचो तेव्हा मी आमच्या बिल्डिंगमधल्या पाण्याच्या भांडणांवर, कुणाची नावं न घेता, ब्लॉग सुरू केलेला. लिंक फेसबुकवर टाकली, इन्स्टावर टाकली आणि किती जणांनी उघडली ते बघत घरभर फिरत राहिलो. आकडा हलेना. शेवटी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. सकाळी, दुपारी, पुन्हा संध्याकाळी. ‘इथे फक्त कामाचे मेसेज,’ असं म्हणून अ‍ॅडमिनने मला ग्रुपमधूनच काढलं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी टँकर आल्याचं मला कळलंच नाही. शेजारच्या मावशींनी दार बडवलं, ‘अरे, टँकर आलाय खाली, आणि तू मोबाईल काय बघत बसलायस?’ मी बादल्या घेऊन धावलो. रांगेत त्या हळूच म्हणाल्या, ‘त्या ब्लॉगमधली बाई मीच ना? टँकरचा पाइप मी नव्हता ओढला हां. तेवढं बदल.’ घाबरायचं सोडून मी हसतच सुटलो. कुणीतरी शेवटपर्यंत वाचलेलं! आता वाचणारे बरेच आहेत. तरी पोस्ट टाकली की मी तसाच घरभर फिरतो, दार कुणी बडवतंय का ते ऐकत.