दत्तूचा नट

त्या दिवशी कुळगावच्या आमच्या अंगणात चौघंच होतो — आमचे हे, सासूबाई, धाकटा दीर दत्तू आणि मी. खरं काय झालं ते मला एकटीला ठाऊक. आजवर कुणाला सांगितलं नाही. देवापुढंसुद्धा नाही.

नव्वद साल उजाडायचं होतं. आमची एक जुनी व्हॅन होती, उल्हासनगर कॅम्पात माल पोचवायची. नुसता खटारा. पुढचं चाक घरघरायला लागलं, म्हणून नवीन बेअरिंग घालायचं ठरलं. चाक खोलायचं दत्तूनं, ग्रीस भरायचं मी — ठरलेलंच होतं. तळहातावर गोळा घ्यायचा, बेअरिंग त्याच्यावर दाबत राहायचं, रोलरांच्या फटीतनं ग्रीस दुसरीकडून वर येईस्तोवर. मला येत होतं ते. कितीदा केलेलं.

पण त्या दिवशी गौरीजेवण होतं. आदल्या सणाला सासूबाई चार बायकांत म्हणाल्या होत्या, "हिच्या पुरणपोळीला गॅरेजचा वास येतो गं!" सगळ्या खो खो हसल्या. ते डोक्यात बसलेलं. तो चिकट गोळा तळहातावर घेतलाच नाही. दोन बोटांनी वरवर चोपडलं — आणि दिलं.

"भरलं ना नीट, वहिनी?"

"भरलं."

आत कोरडं ठणठणीत.

दत्तूनं चाक चढवलं. नट आवळला, चाक हातानं फिरवलं, चाक मोकळं फिरावं म्हणून नट परत जरासा सैल केला, चाक धरून हलवून बघितलं, मग पिन घातली. मी परातीपुढं बसून बघत होते. सगळं बघत होते.

दुसऱ्या दिवशी मोरिवलीपाशी चाक जाम झालं, व्हॅन नाल्यात. ह्यांचा गुडघा कायमचा गेला. बेअरिंग तापून निळं पडलेलं. ग्रीस जळून गेलं म्हणाले — होतं कुठं जळायला? दत्तूनं नट जास्त आवळला म्हणून तापलं, झालं, सगळ्यांनी तेच धरलं. ह्यांनी खाटेवरनं दत्तूला नाही नाही ते ऐकवलं. तो माझ्याकडं वळला. "वहिनी, तुम्ही होतात ना तिथं? मी सैल केलेला ना?"

काय म्हणाले मी?

"मी कुठं बघत बसू, भावजी? मला माझी कामं नव्हती?"

त्यानं पुन्हा पान्हा हातात धरला नाही. कॅम्पात एका शेठकडं कापडाचे गठ्ठे उचलत राहिला. पाठ वाकली, आणि गेला. मी मोठ्यानं रडले. लाज वाटली का? — नाही.

अजून एक आहे. आमच्या घरात बरणीचं झाकण घट्ट बसलं की म्हणायचे, "दत्तूचा नट झाला!" त्याच्या तोंडावर. तो खाली बघून हसायचा. आणि मी? मीपण हसायचे. ते माझं हसणं आठवलं की आजही तोंडाला घाण पाणी सुटतं. कितीही चुळा भरल्या तरी जात नाही.

सासूचा जाच होता म्हणून केलं, असं म्हणणार नाही. बोटं मळतील म्हणून केलं. मग भ्याले. मग सवय झाली.

नातवंडं अजून तसंच म्हणतात. त्यांनी तर त्याला बघितलंसुद्धा नाही.

हे वाचणारं कुणी आमच्या घरचं असेल, तर एवढं करा — घट्ट झाकणाला त्याचं नाव लावू नका. नट बरोबर होता.