निळ्या हातांचं उटणं

पलसाण्याच्या डाईंगमध्ये कापड रंगवून आमच्या शेजारच्या काकांचे हात मनगटापर्यंत निळे झाले होते. दिवाळी आली की थकलेले असले तरी ते ओट्यावर बसून आंबेहळद, नागरमोथा कुटत आणि साऱ्या गल्लीला उटणं वाटत. मिसळायला मात्र लाकडी डाव घेत, पुडीही टोकाला धरून देत.

“काका, आम्हीबी निळे होणार का?” बाया चिडवत.

“हात नही लायेल शे, माय,” डाव दाखवत ते दमल्या आवाजात म्हणत.

मी गल्लीतला पहिला ग्रॅज्युएट. माझ्या बापाचेही हात असेच होते. त्याच हातांनी मला शिकवलं. त्या वर्षी मी सगळ्यांदेखत बाही सारून हात पुढे केला. “काका, तुमच्या हातानं लावा.”

त्यांनी तळवे लुंगीला पुसले. “रंग लागना तर बोलू नको, भाऊ,” म्हणाले, आणि डाव खाली ठेवला.